उन्हाळ्याचा दिवस आणि पाद्र्याचं अंडं

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई भांडुपला राहतात, वय ४१. शाळा मराठी, पुढे बी.कॉम. लोअर परळच्या एका विमा कंपनीत क्लेम विभागात चौदा वर्षं नोकरी. इंग्रजी वाचता येतं, पत्रव्यवहार जमतो. पण मजकुरात एखादी तुलना किंवा वाक्प्रचार आला की "सगळे शब्द कळतात आणि वाक्य कळत नाही" अशी गत होते. मार्चमध्ये त्यांनी केलेल्या अहवालावर लंडनच्या साहेबांचा एका ओळीचा अभिप्राय आला, की अहवाल म्हणजे 'अ बिट ऑफ अ क्युरेट्स एग' आहे. शब्दकोशात पाहिलं, तर क्युरेट म्हणजे पाद्री आणि एग म्हणजे अंडं. पाद्र्याचं अंडं म्हणजे काहीतरी पवित्र, दुर्मीळ असणार असं धरून त्यांनी 'थँक यू सो मच, सर' असं उत्तर धाडलं. मेलवर आणखी सहा जण होते. खरा अर्थ दोन दिवसांनी एका सहकाऱ्याने सांगितला. त्याच आठवड्यात इंग्रजी शाळेत आठवीत असलेल्या मुलीने विचारलं, कवी आपल्या आवडत्या माणसाची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी का करतो? त्या म्हणाल्या, "घामाघूम करत असेल म्हणून." मुलगी हसली आणि म्हणाली, "राहू दे आई, तुला नाही कळणार." आता ऑफिसात टीम लीडरची जागा देऊ करताहेत. बाई विचारतात: दादरच्या एका क्लासचे अठरा हजार भरू, पाचशे इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक पाठ करू, की मराठी माध्यमातून आलेल्यांचं हे असंच राहणार हे मान्य करून जागा नाकारू?

नमस्कार.

आधी उन्हाळ्याचं बघू, कारण तुमचं उत्तर तुम्हाला वाटतं तितकं चुकलेलं नाही.

ती कविता शेक्सपिअरची. त्याची १५४ सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, १६०९ साली पुस्तकरूपाने छापली गेली, त्यातलं हे अठरावं. तुझी तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करू का, असं कवी पहिल्या ओळीत विचारतो आणि लगेच त्या दिवसातच खोट काढायला बसतो. तुझं रूप त्याहून देखणं, स्वभाव त्याहून सौम्य. उन्हाळ्यात वारा कळ्यांना झोडपतो, उन्हाळा बघता बघता सरतो, आणि सूर्य कधीकधी नको तितका तापतो. म्हणजे तुमचा घाम कवितेत आहेच, फक्त तो तक्रारींच्या यादीत आहे. 'तुझ्यासारखा उन्हाळा' असं कवी म्हणतच नाही. 'उन्हाळा तुझ्यापुढे काय' असं म्हणतो. आता आठवा, उपमेय (ज्याची तुलना करतो ते) हे उपमानापेक्षा (ज्याच्याशी करतो त्यापेक्षा) सरस ठरवलं की आपल्या व्याकरणाच्या बाई कोणता अलंकार सांगायच्या? व्यतिरेक. अमृताहून गोड म्हणतो, तो.

राहिला प्रश्न उन्हाळाच का. लंडन एक्कावन्न अक्षांशाच्याही वर. डिसेंबरात तिथे दिवस आठ तासही टिकत नाही, आणि जूनच्या अखेरीस तोच साडेसोळा तासांचा होतो. अर्धं वर्ष काळोखात आणि लोकरीत काढलेल्या माणसाला उन्हाळ्याचा दिवस म्हणजे जे वाटतं ते आपल्याला जूनमधली पहिली सर आली की वाटतं. मे महिन्यात भांडुप स्टेशनच्या पुलावर चेंगरून उभं राहिलेल्या बाईला ते आपसूक कसं कळावं? इथे तुमचं इंग्रजी कमी पडलं नाही, हवा आड आली. उलट्या बाजूनेही हेच होतं. आपल्या कवितेत पाऊस आला की मन फुलतं, आणि इंग्रजीत पैसे साठवायचे ते 'रेनी डे'साठी, म्हणजे अडीनडीला.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबलो तिथे येतो. "मराठी माध्यमामुळे मला हे जमतच नाही." चौदा वर्षं क्लेम विभागात काढून तुम्ही हे लिहिता? 'अम्ब्रेला पॉलिसी' (बाकीच्या विम्यांवरचं जादा संरक्षण) म्हणजे छत्रीचा विमा असं तुम्ही एकदा तरी समजलात का? 'फॅमिली फ्लोटर' (घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा) म्हटलं की कुटुंब पाण्यावर तरंगताना दिसतं का? 'ॲक्ट ऑफ गॉड' लिहिलेली फाइल समोर आली की कोणता देव, असं विचारता का? पूर, वीज, भूकंप हे तुम्हाला शब्दाआधीच कळलेलं असतं. संशयास्पद क्लेमवर 'रेड फ्लॅग' आहे म्हटल्यावर फाइलमध्ये लाल कापड शोधत नाही. हे सगळं लाक्षणिक इंग्रजी आहे, दिवसातून चाळीस वेळा तुमच्या हाताखालून जातं, आणि तुम्ही त्याला इंग्रजी न म्हणता 'काम' म्हणता. ते तुम्ही यादी पाठ करून शिकला नाहीत. पहिल्या वर्षी कोणीतरी सिनिअरने एक फाइल उघडून दाखवली, मग दुसरी आली, तिसरी आली.

तेव्हा जमत नाही हे खोटं. खरं हे की तुलनेतली वस्तू ओळखीच्या अंगणातली असली तर जमतं, दुसऱ्याच्या अंगणातली असली तर अडतं. हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांचंही होतं. फक्त ते अडले की मान डोलावून पुढे जातात, तुम्ही शब्दकोश काढता. तुमच्या मेलवरच्या सहा जणांपैकी किती जणांना त्या अंड्याचा अर्थ माहीत होता, हे एकदा हळूच विचारून बघा. सहकाऱ्याने सांगायला दोन दिवस घेतले, म्हणजे त्यानेही शोधलाच असणार. (हा माझा दुष्ट तर्क.)

त्या अंड्याची गोष्ट अशी. १८९५ साली लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात जॉर्ज द्यू मोरिए यांचं एक व्यंगचित्र आलं. एक कनिष्ठ पाद्री, म्हणजे क्युरेट, बिशपच्या घरी नाश्त्याला बसलाय. त्याच्या वाट्याला आलेलं अंडं नासकं निघालंय हे बिशपच्या लक्षात येतं. पण मोठ्या माणसापुढे तक्रार कशी करायची? तो बिचारा म्हणतो, नाही नाही, त्याचे काही भाग अगदी उत्तम आहेत. नासकं अंडं अर्धवट चांगलं नसतं, हा मूळ विनोद. वापरून वापरून आज अर्थ उरलाय तो एवढाच, की काही बरं, काही वाईट. तुमच्या अहवालाबद्दल साहेबांना एवढंच म्हणायचं होतं.

हा अर्थ 'क्युरेट' आणि 'एग' या दोन शब्दांतून काढून दाखवा असं म्हटलं तर कोणालाही जमणार नाही. तो शब्दांत नाहीच, गोष्टीत आहे. समजा, उद्या तुम्ही त्याच साहेबांना लिहिलंत की अमुक क्लेमची मंजुरी म्हणजे बिरबलाची खिचडी झाली आहे. ते काय शोधतील? बिरबल म्हणजे अकबराचा मंत्री, खिचडी म्हणजे तांदूळ आणि डाळीचा पदार्थ. मोगल दरबारचं शाही पक्वान्न समजून तेही 'थँक यू सो मच' लिहितील. विस्तव खाली आणि हंडी उंच बांबूवर, हे चित्र त्यांच्यापाशी नाही. त्यात ते मूर्ख ठरत नाहीत, तशा तुम्हीही ठरत नाही.

माझंही एक सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक अमेरिकन पाहुणे कामानिमित्त मुंबईत आले होते. जुलै महिना. मी त्यांना दादरला घरी जेवायला बोलावलं. ते हसून म्हणाले, "कॅन आय टेक अ रेन चेक?" बाहेर धो धो पाऊस. मी म्हटलं, काळजी नको, आमच्या गल्लीत पाणी तुंबत नाही, आणि माझ्याकडे जास्तीची छत्री आहे. ते पुन्हा तेच म्हणाले. मी टॅक्सी पाठवायची तयारी दाखवली. शेवटी माणूस कंटाळून आला, पिठलं-भाकरी खाऊन गेला. पुढे कळलं, हा शब्द बेसबॉलमधला. पावसाने खेळ रद्द झाला की तिकिटाचा अर्धा तुकडा पुढच्या सामन्याला चालायचा. त्यांना म्हणायचं होतं, आज नको, पुन्हा कधीतरी. मी नकार ओलांडून माणूस जेवायला घातला.

ही गोष्ट सांगण्याचं कारण: असे शब्द तर्काने सुटत नाहीत, त्यांच्यावर डोकं शिणवू नका. ते सरळ बघायचे असतात. इंग्रजांच्या बोलण्यात जहाज फार, कारण ते दर्यावर्दी लोक. 'टेकन अबॅक' म्हणजे एकदम चपापणं. मुळात वारा उलटून शिडं डोलकाठीवर आपटली की जहाज जागच्या जागी अडकायचं, तिथून आलंय. 'नो द रोप्स', म्हणजे कामातल्या खाचाखोचा माहीत असणं, हेही शिडांच्या दोरांचं. अमेरिकनांच्या बोलण्यात बेसबॉल. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, तुमच्या ऑफिसात रोज ऐकत असाल. बायबलमधल्या आणि ग्रीक गोष्टी दोघांच्याही. आणि क्रिकेटमधले तर आपल्याला कोणी शिकवायला नकोत. 'ऑन द बॅक फूट' (बचावाच्या पवित्र्यात) किंवा 'स्टिकी विकेट' (अडचणीची परिस्थिती) हे शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसलेल्या कुणालाही विचारा, क्युरेटच्या अंड्यापेक्षा लवकर उत्तर मिळेल.

तर्काने सुटतात त्या ताज्या तुलना. लेखकाने त्या जागेपुरत्या घडवलेल्या, कोशात न सापडणाऱ्या. आणि खरी अडचण मुलीच्या धड्यांत आणि चांगल्या लेखांत याच येतात. इथे तुम्हाला शाळेतली एक वस्तू फार उपयोगी पडेल, ती म्हणजे साधारण धर्म. आठवतंय ना? उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. ज्याची तुलना करायची ते, ज्याच्याशी करायची ते, दोघांत सारखा असलेला गुण, आणि 'सारखा-जसा-परी-गत' यांपैकी एखादा शब्द. इंग्रजी शाळेत मुलांना 'सिमिली' आणि 'मेटॅफर' ओळखायला लावतात: 'लाइक' किंवा 'ॲज' दिसला की सिमिली, नाही दिसला की मेटॅफर. आपली उपमा आणि आपलं रूपक. ओळखलं की एक मार्क. पण गुण कोणता उसना घेतलाय, हा प्रश्न बरेचदा विचारायचाच राहतो, आणि सगळा अर्थ तर तिथेच असतो.

वकिलाला इंग्रजीत 'शार्क' म्हणतात. शार्कला पोहता येतं, कल्ले असतात, दातांच्या रांगा असतात, रक्ताचा वास लागतो. यांतलं वकिलाकडे काय आलं? शेवटचं, फार तर शेवटची दोन. बाकी सगळं सोडून द्यायचं. तुलना म्हणजे अख्खी वस्तू घरी आणणं नव्हे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो, तिचा डबा आणत नाही.

आणि इथेच एक खड्डा आहे. तीच वस्तू दोन्ही भाषांत असते, पण उसना घेतलेला गुण वेगळा असतो. आपल्याकडे घुबड अशुभ, इंग्रजीत शहाणपणाचं. अथीना या ग्रीक विद्यादेवतेचा तो पक्षी. आपण कौतुकाने गजगामिनी म्हणतो. बाई हत्तीसारखी चालते असं इंग्रजीत लिहाल तर ती तुमच्याशी बोलणार नाही. चंद्रमुखी ही स्तुती, आणि 'मून फेस' तुम्ही क्लेमच्या वैद्यकीय कागदांत वाचला असेल: स्टिरॉइड्स जास्त काळ घेतल्यावर चेहरा सुजून गोल होतो तो. आपल्याकडे बैल म्हटलं की बैलोबा नाहीतर ओझ्याचा बैल. फोर्टला शेअर बाजाराच्या इमारतीपाशी मात्र ब्राँझचा बैल दिमाखात उभा आहे, कारण इंग्रजी 'बुल' म्हणजे तेजी. थंडीचंही तेच. आपला जीव गार होतो, डोळे निवतात, पोटात थंडावा पडतो, हे सगळं सुखाचं. इंग्रजीत सुख ऊबदार असतं, आणि 'कोल्ड' म्हणजे कोरडा, परका. पण 'थंडा प्रतिसाद' आपणही म्हणतो, म्हणजे नियम सरळसोट नाहीच. गुण ठरवायला शेजारची वाक्यं बघावी लागतात.

म्हणून माझा एक सोपा हिशोब आहे. अनोळखी तुलना आली की अर्थ शोधण्याआधी एवढंच ठरवायचं: ही जमेच्या बाजूची आहे की खर्चाच्या? आधीचं-नंतरचं वाक्य वाचा. 'पण', 'तरीही', 'दुर्दैवाने' असं काही आहे का? पुढे दुरुस्ती सुचवली आहे का? तुमच्या साहेबांच्या मेलमध्ये त्या ओळीशिवाय आणखी काही होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण असलंच तर बहुधा काहीतरी 'रिव्हिजिट' करा असं असणार. कौतुकाच्या पत्रात 'पुन्हा बघा' नसतं. जमा-खर्च कळला की मधला अर्थ थोडा धूसर राहिला तरी काम अडत नाही.

'लाइक' आणि 'ॲज' दिसले म्हणजे उपमाच असते असंही नाही, हे मुलीच्याही कानावर घाला. 'ॲज वेल ॲज' मध्ये कोणाची कोणाशी तुलना नाही, तिथे नुसतं 'शिवाय' आहे. 'ॲज गुड ॲज डन' म्हणजे झाल्यातच जमा. आणि 'ॲज इफ' आलं तर आपल्या उत्प्रेक्षेची आठवण करा, जणू. आपण उपमा आणि उत्प्रेक्षा वेगळ्या मोजतो, इंग्रजी शाळेत दोन्ही एकाच पिशवीत टाकतात. मला विचाराल तर आपली वाटणी जास्त चोख आहे.

मेलेल्या तुलनांकडे दुर्लक्ष करा. 'डेडलाइन' हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कैदी छावण्यांतून आला. ती रेघ ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. महिनाअखेरीला तुम्ही डेडलाइन म्हणता तेव्हा कुणाला बंदूक दिसते का? जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८० मध्ये हेच मांडलं, की रोजचं बोलणं अशा तुलनांनी खच्चून भरलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. इंग्रजीत वेळ पैशासारखा खर्च होतो, वाचतो, वाया जातो. आपल्याकडेही जातोच की. 'मी शेक्सपिअर वाचला' हे लक्षणेचं, म्हणजे शब्दशः अर्थ सोडून जवळचा अर्थ घेण्याचं, उदाहरण आपण घोकलं होतं. माणूस वाचता येत नाही असं तेव्हा वर्गात कोणी म्हणालं नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

क्लास. 'स्पोकन'च्या क्लासात वाक्प्रचारांची छापील पानं वाटतात, दोघादोघांना समोर बसवून संवाद म्हणवून घेतात. बोलायची भीड मोडायला ते ठीक आहे, पण तुमची तक्रार बोलण्याची नाही, वाचण्याची आहे. पैसे भरायचेच असतील तर आधी एक तास बसू द्या म्हणा आणि बघा: शिक्षक अख्खा उतारा घेऊन 'इथे असं का म्हटलंय' हे विचारतात का? नसतील विचारत तर अठरा हजार वाचवा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर त्यातल्या चार-पाचशे रुपयांत वर्षभराचं वाचन मिळेल.

पाचशे वाक्प्रचारांचं पुस्तक. नको. समजा कोणी परप्रांतीय माणूस मराठी वाक्प्रचारांची यादी पाठ करून तुमच्या ऑफिसात आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "मी आज कंबर कसून, डोळ्यात तेल घालून, रक्ताचं पाणी करून एक्सेल शीट भरली." काय वाटेल? यादीत अर्थ मिळतो, पण कुठे शोभतं आणि कुठे हसं होतं ते मिळत नाही. त्यापेक्षा परदेशी शिकणाऱ्यांसाठी केलेले 'लर्नर्स' कोश वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे आहेत, इंटरनेटवर फुकट बघता येतात. वाक्प्रचार त्यातल्या मुख्य शब्दाखाली सापडतो, उदाहरणाचं वाक्य असतं, आणि अनेकदा हा शब्द नापसंतीचा आहे की विनोदाचा अशी खूणही असते. म्हणजे तुमचा जमा-खर्च तयारच. खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशात हे नसतं. मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारायलाही माझी हरकत नाही, पण आधी स्वतःचा अंदाज ठरवा. नाहीतर उत्तर वाचलं की ते आधीपासून माहीत होतं असंच वाटतं.

सराव कधी? तुम्ही स्लो गाडीने करी रोडला उतरून चालत जाता असं लिहिलंय. भांडुपला चढलात की इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद उघडा, एकच. विक्रोळीपर्यंत त्यातली एक तुलना पकडा. घाटकोपरला गर्दी आत घुसली की मोबाइल पर्समध्ये, आणि कुर्ला-सायन करत नुसता विचार: कशाची कशाशी, गुण कोणता, जमा की खर्च. दादरला डबा थोडा मोकळा झाला की कोश उघडा. बाजारभावाच्या बातम्यांपासून सुरुवात करा, कारण दलाल स्ट्रीटबद्दल लिहिताना इंग्रजी पत्रकारांना रक्तपात, भूकंप आणि त्सुनामीशिवाय चैन पडत नाही. तुलना हमखास सापडेल आणि ती फार खोलही नसेल. महिन्याभराने संपादकीयाला हात घाला.

टीम लीडरची जागा या कारणासाठी नाकारू नका. दुसरं काही कारण असेल, घरचं, वेळेचं, तर तो वेगळा विचार. अशा मेलना उत्तर कसं द्यायचं तेवढं आधी पक्कं करा. समजलं नाही तरी समजल्यासारखं 'थँक यू' लिहायचं नाही. लिहायचं, 'कोणते भाग नीट उतरलेत आणि कोणते बदलायचेत, ते कळवलंत तर शुक्रवारपर्यंत करते.' या उत्तरात तुम्हाला अर्थ माहीत होता की नव्हता हे कळतच नाही. आणि खरं सांगू? तो अभिप्रायच आळशी होता. बारा पानांच्या अहवालावर अंड्याची एक ओळ फेकायची आणि कोणतं पान नासकं ते सांगायचं नाही, हे साहेबांचं लेखन कच्चं आहे, तुमचं वाचन नव्हे. टीम लीडर झालात की तुमच्या मेलमध्ये हे टाळा. साधं लिहा. पान सातवरचा तक्ता चुकलाय, असं.

विचारण्यात कमीपणा वाटत असेल तर मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश कधीतरी चाळा. पहिली आवृत्ती १८३१ साली मुंबईतच छापली. हात, डोळा, पोट असे शब्द काढून बघा, एकेकाखाली वाक्प्रचारांची लांबलचक रांग. फौजेतला तो अधिकारी शास्त्र्यांना पुढ्यात बसवून विचारत राहिला, की हात आणि डोळे कळले, पण तुम्ही लोक त्यांचं हे काय काय करता? तुमचंच काम, फक्त उलट दिशेने.

आता मुलगी. तिच्या 'तुला नाही कळणार'ने तुम्हाला जास्त लागलंय हे पत्रावरून दिसतं, अंड्याची हकीकत तुम्ही चार ओळींत आटोपली आणि हिची दीड पान लिहिलीत. तिला व्यतिरेक सांगा, पण जिंकल्यासारखं नको. आणि एक देवघेव सुरू करा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे तिलाही मराठीचा पेपर आहे, आणि इंग्रजी माध्यमातली पोरं मराठी वाक्प्रचारांपुढे कशी गडबडतात ते मी जवळून पाहिलंय. माझ्या भाचीने 'नाकाने कांदे सोलणे' याचा अर्थ 'अवघड कसरत करणे' असा लिहिला होता. तर्क वाईट नव्हता. रोज रात्री भांडी आवरताना तिने एक इंग्रजी तुलना आणायची, तुम्ही एक मराठी. दोघींनी आधी अंदाज करायचा, कोशाला हात नंतर.

पहिल्या दिवशी तिला 'वड्याचं तेल वांग्यावर' द्या. ती काय म्हणते ते मला कळवा.